वरच्या अंगाला कोण?

पुण्यात शिवाजीनगरला ज्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथे नोकरीला लागलेला आमचा एक स्नेही पुढे बदली होऊन दिल्लीत लोधी रोडच्या मौसम भवनात आला आणि निवृत्तीनंतर इथलाच होऊन गेला. हवामान खात्याचं मुख्यालयही याच वाटेनं आलेलं आहे: १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला, १९४४ मध्ये पुण्याहून दिल्लीला. या स्नेह्याची भाची फरीदाबादला असते आणि तिथेच जनुकीय माहितीच्या साठवणीत काम करते. रविवारी व्हायोलेट लाइनची मेट्रो धरून ती लाजपत नगरला मामाकडे जेवायला येते, आणि वरण-भात संपायच्या आत दोघांचं जुंपतं. मी शेजारी, त्यामुळे बऱ्याचदा तिसरं ताट माझं असतं.

विषय साधारण एकच. एका देशानं जमवलेली वैज्ञानिक माहिती साऱ्या जगाला द्यावी का, आणि दिली तर कोणाच्या अटींवर? वयाचा हिशेब धरला तर बाजू उलट असायला हव्या होत्या. इथे म्हातारा दार सताड उघडं ठेवा म्हणतो आणि तरुण मुलगी किल्ली आपल्याकडे असू द्या म्हणते. जे ऐकलं ते मांडतोय. काटछाट माझी, आवेश त्यांचा.

मामा : सकाळी साडेपाचला सफदरजंगचा माणूस तापमापक वाचतो. त्याच क्षणाला लाहोरचाही वाचतो. त्याच्या घड्याळात पाच वाजलेले असतात, एवढाच फरक. जगाच्या हिशेबानं दोघांचे शून्य वाजलेले. दोघंही तो आकडा पाच-पाच अंकांच्या गटात बसवून जाळ्यावर सोडून देतात. ‘१०३२५’ असा गट आला की टोकियोत बसलेल्याला कळतं, तापमान ३२.५ अंश. हिंदी नको, उर्दू नको, इंग्रजीही नको. सफदरजंगचा क्रमांक ४२१८२, कुलाब्याचा ४३०५७, पलीकडे पाकिस्तानचे ४१ नं सुरू होतात. माझी सगळी नोकरी या आकड्यांत गेली. एकदाही कुणी विचारलं नाही की हा आकडा कुणाच्या मालकीचा.

भाची : कारण तो पावसाचा होता, मामा. पाऊस कुणाच्या आजीकडून वारशानं येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या फाइलमध्ये माणूस असतो. त्याचं कूळ असतं, त्याला पुढे होऊ शकणारे आजार असतात. ही दोन्ही माहिती एकाच मापानं कशी मोजणार?

मामा : मापाचं नंतर बोलू. सुरुवात कशी झाली ते बघ ना. १८७३ ला व्हिएन्नात परिषद भरली, तेव्हा आपलं खातंच जन्मलं नव्हतं, ते १८७५ चं. तिथून १९५० ला जागतिक हवामान संघटना झाली. महायुद्धात हीच निरीक्षणं लष्करी गुपित होती आणि युद्ध संपताच तीच पुन्हा उघडी झाली. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५७-५८ ला आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळलं. अमेरिकेत एक विश्व डेटा केंद्र, रशियात दुसरं, बाकीच्या देशांत वाटून तिसरं. एकच माहिती तिन्हीकडे. एका गटाचं डोकं फिरलं तरी दुसऱ्याकडे प्रत राहील, ही त्यातली मेख. ज्यांची क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेली होती, त्यांनी ही व्यवस्था केली. आणि तू मला फरीदाबादच्या तुमच्या केंद्राच्या गेटवरचं रजिस्टर दाखवतेस!

भाची : केली, कारण दोघांनाही करायची होती. आपलं सांग. त्या व्यवस्थेत आपण काय होतो?

मामा : काय होतो म्हणजे? हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम साठच्या दशकात झाली, तिचं हवामानाचं केंद्र मुंबईत होतं. कुलाब्याला. रॅमेज नावाचा शास्त्रज्ञ प्रमुख. जहाजांवरून, विमानांतून, उपग्रहांवरून जे येईल ते कुलाब्यात उतरत होतं. मोसमी पावसाबद्दल आज आपण जे ठामपणे बोलतो, त्यातलं बरंचसं तिथे जमलं.

भाची : आणि ते आकडे चालवायला यंत्र लागतं, ते? ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला पावसाच्या अंदाजासाठी आपण अमेरिकेकडे क्रे संगणक मागितला. मागितलं होतं त्याहून कमी ताकदीचं मॉडेल हातात ठेवलं, तेही अटी घालून. तुझ्याच मौसम भवनाच्या आवारात बसवलं होतं ना ते? आकडे साऱ्या जगाचे, पण त्यांच्यातून उद्याचा दिवस काढणारं यंत्र मोजक्यांचं. ती अडवणूक झाली म्हणून पुण्यात सी-डॅक ही संगणकांची संस्था उभी राहिली आणि तिच्या भटकरांनी १९९१ ला परम ८००० हा महासंगणक चालवून दाखवला. उघडं दार, उघडं दार म्हणतोस. दारातून आत आलेल्याच्या हातात काय आहे, हेही बघायला नको का?

हा घाव मामाच्या वर्मी बसतो, दर वेळी. तो क्रे त्यानं पाहिलेला आहे, आणि त्याच्याबद्दल बोलताना अजूनही त्याच्या आवाजात कौतुक आणि चीड एकत्र असतात. मला विचाराल तर मुलीचा मुद्दा निम्मा खरा आहे. यंत्र अडवलं गेलं, पण आकडे अडवले गेले नाहीत, म्हणून तर पुढे आपलं यंत्र झाल्यावर ते चालवायला काहीतरी हाताशी होतं. आज नोएडाला सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र आहे. तिथल्या महासंगणकात रोज जी निरीक्षणं ओतली जातात, त्यांतली आपली थोडी. उरलेली जगाकडून आलेली.

भाची : बरं, हवामानाचंच घेऊ. तुम्ही जगाला फुकट वाटता, आणि गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला आपल्याच तालुक्याचा जुना पाऊस हवा असेल तर अर्ज, शुल्क, वाट बघा. वर्षानुवर्षं हेच होतं की नाही?

मामा : होतं. लाजिरवाणं होतं. आता बरंच सुधारलंय. पावसाचे चौकटवार आकडे पुण्याच्या कार्यालयानं खुले केलेत, कुणीही उतरवून घ्यावेत. पण हा रोग एकट्या आपला नव्हता हं. नव्वदीच्या आसपास युरोपातल्या हवामान खात्यांनी आकडे विकायला काढले होते. त्यावर तोडगा म्हणून १९९५ ला जिनिव्हात ठराव ४० झाला: जीव आणि मालमत्ता वाचवायला जे अत्यावश्यक, ते विनामूल्य आणि विनाअट, बाकीच्यावर ज्याला अटी घालायच्या त्यानं घालाव्यात. २०२१ ला तो बदलून नवं धोरण आलं, पण गाभा तोच राहिला.

भाची : म्हणजे तिथेही दोन कप्पे आहेत. हे तू आजवर कधी सांगितलं नव्हतंस.

मामा : तू विचारलं नव्हतंस.

भाची : मग आता एक विचारते. आकाशातून पडणारं पाणी तुम्ही जगाला मोजून देता. तेच पाणी नदीत उतरलं की काय होतं? गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांतल्या प्रवाहाचे आकडे आपल्याच सरकारनं कित्येक वर्षं गोपनीय ठेवलेत. आपल्याच विद्यापीठातल्या माणसाला ते सहजी मिळत नाहीत. आणि वरून चीन. ब्रह्मपुत्रेच्या पुराची आकडेवारी पावसाळ्यात आपल्याला द्यायची, असा समझोता होता. २०१७ च्या पावसाळ्यात डोकलामचा सीमेवरचा पेच चालू होता, त्या वर्षी ती आलीच नाही. पुढच्या वर्षी संबंध निवळले, आकडे पुन्हा सुरू. तोच थेंब, मामा. ढगात असताना साऱ्या जगाचा, नदीत आला की गृहखात्याचा. तुझी ती विज्ञानाची बंधुता तेव्हा कुठे जाते?

या प्रश्नावर मामानं ताटातली चटणी दोनदा बोटानं सारखी केली. उत्तर त्याला माहीत असावं असं मला वाटलं, फक्त ते आपल्या बाजूचं नाही हेही त्याला माहीत असावं.

मामा : बंधुता कधीच नव्हती गं. गरज होती. आता नीट ऐक. डिसेंबरात दिल्लीत पाऊस पडतो तो पश्चिमी विक्षोभामुळे. तो भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत इथे येतो. म्हणजे हिवाळ्यात ते वरच्या अंगाला आणि आपण खालच्या. जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ उठलं की उलटं. २०२३ चं बिपरजॉय आठव. कच्छला जखाऊजवळ धडकलं. नाव बांगलादेशानं दिलेलं, बुलेटिन आमच्या दिल्लीच्या केंद्रातून निघालेलं आणि कराचीत त्याच्याकडे डोळे लावून बसलेले. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांचं केंद्र दिल्लीत आहे, तेरा देश एकत्र नावं ठरवतात, प्रत्येकाची तेरा. त्यात इराण आहे, सौदी आहे, आपण आहोत, पाकिस्तान आहे. इतर कुठल्या यादीत ही नावं शेजारी शेजारी दिसतात का सांग. २०२० ला अलिबागजवळ जे आलं त्याचं ‘निसर्ग’ हे नावही बांगलादेशचंच. हवेत कायमचा वरच्या अंगाला कुणीच नसतो. आज मी, उद्या तू. म्हणून देणं चालू राहतं. नदीला मात्र वरचा तो कायमचाच वरचा.

भाची : हं. म्हणजे जो कायम वरच्या अंगाला आहे, तो देणार नाही.

मामा : देईल, पण उपकार म्हणून. मनात आलं की बंद करील.

भाची : मग माझं सगळं बोलणं यातच आलं. जनुकांच्या बाबतीत वरच्या अंगाला कोण? हळद आमची, रोगी आमचे, विषाणूचे नमुने आमचे. औषध, लस, पेटंट खालच्या अंगाला, त्यांच्याकडे. हा प्रवाह तुझ्या वाऱ्यासारखा दिशा बदलत नाही. इंडोनेशियानं २००७ ला काय केलं ते तुला ठाऊक असेल. बर्ड फ्लूचे नमुने ते इमानदारीत पाठवत होते. त्यांच्याच विषाणूवरून ऑस्ट्रेलियातल्या कंपनीनं लस काढली, आणि ती त्यांनाच परवडणार नव्हती. आरोग्यमंत्री सुपारी यांनी नमुने पाठवणं थांबवलं. जगभर ओरड झाली की हा बेजबाबदारपणा आहे. पण २०११ ला इन्फ्लुएंझाच्या नमुन्यांच्या बदल्यात लशीचा वाटा देण्याची चौकट ठरली, ती कशामुळे? त्या ‘बेजबाबदार’ बाईमुळेच.

मामा : आणि ती थांबली होती तेवढ्या काळात विषाणू जास्त घातक झाला असता तर?

भाची : झाला नाही.

मामा : हे उत्तर नव्हे, हे नशीब झालं. मी तुला दुसरं नाव सांगतो. ११ जानेवारी २०२०. शांघायचे झांग योंगझेन. करोनाचा पहिला जीनोम त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्याच्या हातून जगापुढे टाकला. वरून परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठी’ बंद केली गेली. पण त्या मजकुरावरून जगभर चाचण्या आणि लशी बनायला लागल्या. झांग तुझ्यासारखे किल्ली कुणाकडे असावी याचा विचार करत बसले असते तर किती दिवस वाया गेले असते?

भाची : झांगना मी नमस्कार करते. आता पुढचं वर्ष घे. नोव्हेंबर २०२१, दक्षिण आफ्रिका. तिथल्या लोकांनी ओमिक्रॉन शोधला, लगेच जगाला सांगितला. बक्षीस काय मिळालं? विमानं बंद. दोन-तीन दिवसांत अर्ध्या जगानं दारं लावली. प्रामाणिकपणानं आकडा देणाऱ्याला अशी शिक्षा होणार असेल, तर पुढच्या वेळी दुसरा देश आधी देईल की आधी गप्प बसेल? तुझ्या हवामानात असं कधी झालंय का, की वादळाची बातमी दिली म्हणून त्या देशाची जहाजं अडवली?

मामा : नाही झालं.

भाची : म्हणून तर महामारीच्या कराराचं बघ. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेत तो संमत झाला, पण नमुने द्यायचे तर बदल्यात काय मिळणार, हे ठरवणारं परिशिष्ट मात्र पुढच्यावर ढकलून. बाकी सगळं सोपं होतं. अडलं ते तिथेच.

मामा : थांब, विषाणूच्या बाबतीत तू चुकतेस. तुझ्याच मापानं चुकतेस. विषाणू नदीसारखा नाही, वाऱ्यासारखा आहे. २०२० ला वुहान वरच्या अंगाला होतं. २०२१ च्या सुरुवातीला आपण, महाराष्ट्र. आरोग्य मंत्रालयानं मार्चमध्ये ‘डबल म्युटंट’ म्हणून जाहीर केला तो महाराष्ट्राच्या नमुन्यांत दिसलेला, ज्याच्यातून पुढे डेल्टाचं घराणं ओळखलं गेलं. वर्ष संपताना दक्षिण आफ्रिका. प्रत्येकाची पाळी आली. मग इथे पावसाचाच नियम लावायला हवा. निदान विषाणूपुरतं तरी कबूल कर.

भाची : विषाणूपुरतं... कबूल. लशीचा वाटा आधी लिहून दिला तर.

मामा : वाटा हवाच. पण आकडा आधी, वाटा मागाहून.

भाची : मागाहून कधीच मिळत नाही, हेच तर इतिहास सांगतो.

इथे माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, या घरात हळदीच्या पेटंटचा विषय अजून कसा निघाला नाही? मराठी माणसांची जनुकांवरची चर्चा माशेलकरांशिवाय पुरी होत नाही. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा दिल्लीत सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. सीएसआयआरनं आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्याच धड्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय दिल्लीत सुरू झालं: आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतल्या लाखो नोंदी पेटंट तपासणाऱ्याला वाचता येतील अशा पाच भाषांत, इंग्रजीपासून जपानीपर्यंत.

भाची : तेच सांगते. ते ग्रंथालय सगळ्या जगाला उघडं नव्हतं. युरोपच्या पेटंट कार्यालयाला २००९ ला करार करून वाचायला दिलं: तपासणीसाठी वापरा, बाहेर देऊ नका. कंपनीच्या माणसाला दार बंद. हीच किल्ली. कुणाला, कशासाठी, किती. २०२२ ला मंत्रिमंडळानं ते आणखी लोकांना उघडायचं ठरवलं, पण ठरवलं आपण. कुणी ढकललं म्हणून नाही.

मामा : अगं, पण हळदीचं पेटंट पडलं कशानं? कपाटात बंद असलेल्या पोथीनं? छापलेल्या पुराव्यांनी! त्यात १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. कुणीतरी केव्हातरी उघडपणे लिहून ठेवलं होतं, म्हणून ‘हे आधीच माहीत होतं’ असं दाखवता आलं. गुपित ठेवलं असतं तर हरलो असतो. उघडेपणानंच राखलं.

भाची : आणि कडुनिंबाच्या पेटंटशी युरोपात दहा वर्षं लढावं लागलं, तेही उघडं होतंच की.

मी या दोघांत मामाच्या बाजूला किंचित झुकतो, निदान हळदीपुरता. पुराव्याचं बळ तो सर्वांपुढे असण्यात असतं. पण भाचीचा मुद्दा माणसांवर येतो तेव्हा मला मामाचं पटेनासं होतं. फरीदाबादच्या बायोटेक क्लस्टरमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. सुमारे चार पेटाबाइटची साठवण, आपत्ती आलीच तर दुसरी प्रत भुवनेश्वरला. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांचे संपूर्ण जीनोम तिथे ठेवले आहेत. ९ जानेवारी २०२५ ला ते संशोधकांसाठी खुले झाल्याचं जाहीर झालं, पण अर्ज करून, तपासणी होऊन. हे केंद्र होईपर्यंत आपले शास्त्रज्ञ आपल्या क्रमवाऱ्या अमेरिका, इंग्लंड किंवा जपानच्या कोठारात टाकत. ती तिन्ही कोठारं रोज एकमेकांच्या प्रती घेतात, त्यामुळे एकीकडे टाकलं की तिन्हीकडे पोहोचतं.

मामा : आणि ती तिन्ही कोठारं कुणाला किल्ली विचारत नाहीत. तुझ्या दिल्लीतला डॉक्टर एखाद्या बाळाचा जनुकीय अहवाल वाचायला बसतो, तेव्हा कुठे बघतो? त्यांच्याच डेटाबेसमध्ये ना? घ्यायचं फुकट आणि द्यायचं अर्ज करून?

भाची : बघतो, आणि बऱ्याचदा उत्तर मिळत नाही. कारण तिथे बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. आपल्या बाळात दिसलेला बदल घातक आहे की आपल्याकडे तो सर्रास असतो, हे त्यांना ठाऊकच नसतं. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात पंचवीस अक्षरं गळालेली असतात, तो बदल दक्षिण आशियात शंभरात चौघांकडे सापडतो, बाहेर जवळजवळ नाहीच. २००९ ला त्यावरचा शोधनिबंध आला, तोवर कुणाला कळणार होतं? म्हणून आपलं कोठार हवं. आणि मामा, आपल्याकडे लग्नं जातीत होतात. हे तू विसरतोस. एका माणसाचं नाव काढून टाकलं तरी फाइल सांगते की ही अमुक समाजाची. त्या समाजात अमुक आजार जास्त, हे उद्या विमा कंपनीला कळलं, सोयरीक जुळवणाऱ्यांना कळलं, तर? एका माणसाची संमती घेऊन अख्ख्या समाजाची गोष्ट बाहेर जाते. सफदरजंगच्या तापमापकाला समाज नसतो.

मामानं यावर वाद घातला नाही. मला वाटतं या एका मुद्द्यावर तो हरलाय आणि हे त्यालाही कळलंय. फक्त तो हरलं असं म्हणत नाही, विषय दुसऱ्या गल्लीत नेतो.

मामा : आपलं कोठार हवं, मान्य. पण कोठार म्हणजे कुलूप नव्हे. कुलाब्याची गोष्ट सांगतो. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचं आलं, त्या यंत्रांना गडबड करणार म्हणून १९०४ ला वेधशाळा अलिबागला हलवली. तर १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून जे महावादळ आलं, त्यात ठिकठिकाणच्या यंत्रांचे काटे मापाबाहेर गेले. कुलाब्याचा माणूस डोळ्यांनी बघून वहीत लिहीत राहिला. सोळाशे नॅनोटेस्लाची घसरण. त्या वहीचा उपयोग काय, हे त्या बिचाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं. २००३ ला त्या वहीवरून जगानं ठरवलं की ते वादळ केवढं होतं. आज विजेच्या जाळ्यांना अशा वादळांचा धोका किती, याचा हिशेब मांडताना त्याच वादळाचं उदाहरण घेतात.

भाची : आणि त्या २००३ च्या लेखाच्या चार लेखकांत मुंबईचे दोघं होते. का? वही मुंबईतच राहिली म्हणून! ती लंडनला गेली असती तर लेख लंडनचा झाला असता. तू माझ्याच बाजूनं बोलतोयस.

मामा : मी वहीच्या बाजूनं बोलतोय. नुसती राहिली असती तर कागदच होता. कोणत्या वेळेला, कोणत्या यंत्रानं, कोणत्या एककात, हे त्या माणसानं लिहिलं म्हणून दीडशे वर्षांनी वाचता आली. तुमच्याकडे येणाऱ्या फायलींत हे असतं का?

भाची : (हसून) नमुन्याची तारीख रिकामी, जिल्हा ‘महाराष्ट्र’, यंत्राचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. त्यातच माझे निम्मे दिवस जातात. क्रमवारी यंत्र काढतं, ती सोपी. हा नमुना कधी, कुठे, कुणाकडून घेतला, हे लिहायचा सगळ्यांना कंटाळा. करोनात कितीतरी क्रमवाऱ्या अशाच आल्या. रोग कुठून कुठे सरकतोय हे सांगायला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

मामा : आम्हाला एका मिनिटाचा उशीर झाला तर फोन यायचा.

भाची : तोच तर फरक. तुमच्या मागे फोन करणारा कुणीतरी होता.

वादातल्या या भागावर दोघंही चवीनं बोलतात आणि तिथे ते एका बाजूला असतात. जगभरात वैज्ञानिक माहितीची देवाणघेवाण सुरळीत व्हावी म्हणून १९६६ मध्ये कोडाटा ही समिती स्थापन झाली. भारताच्या वतीनं तिथे बहादुरशाह जफर मार्गावरची राष्ट्रीय विज्ञान अकादमी बसते. २०१४ च्या नोव्हेंबरात या मंडळींची आंतरराष्ट्रीय परिषद जेएनयूत भरली होती. अशा परिषदांत जे ठरतं त्याची बातमी होत नाही. तारीख कशी लिहायची, एकक कोणतं, रकान्याला नाव काय. सार्वभौमत्वावर भाषणं करणाऱ्यांना यात रस नसतो आणि खुलेपणावर भाषणं करणाऱ्यांनाही नाही.

भाची : मला आणखी एक सांगायचंय. तू ज्याला व्यवस्था म्हणतोस ती पुष्कळदा एका श्रीमंत माणसाची मर्जी असते. चाणक्यपुरीतल्या अमेरिकी दूतावासाचं हवेचं मोजमाप आठव. दिवाळीनंतर अर्धी दिल्ली तो आकडा बघायची, आपल्या सरकारी आकड्याशी ताडून. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी तो द्यायचं बंद केलं. पैसे नाहीत म्हणाले. त्याच वर्षी त्यांच्याच देशात काही ठिकाणचे हवामान बलून कमी झाले. आणि एप्रिलमध्ये त्यांच्या आरोग्य संशोधन संस्थेनं चीन, रशिया, इराणसारख्या देशांतल्या संशोधकांना नियंत्रित जनुकीय माहितीचं दार लावलं. आज आपलं नाव त्या यादीत नाही. उद्या?

मामा : म्हणून आपणही लावायचं?

भाची : म्हणून सगळी मदार एकावर ठेवायची नाही. तुझ्या १९५७ च्या लोकांनी तेच केलं होतं, तीन प्रती, तीन गटांत.

मामा : हे बरोबर बोललीस. बरं, आता मला या गल्लीचं सांग. लाजपत नगर कुणी वसवलं? फाळणीत आलेल्या लोकांनी. लाहोर, मुलतान, सिंध. या लोकांत थॅलेसेमिया जास्त, हे तूच मला सांगितलंस. त्यांचे सगेसोयरे पलीकडे राहिले. म्हणजे त्या आजाराच्या बाबतीत वरचं अंग आणि खालचं अंग असं नाहीच. तिकडची फाइल इथल्या बाळाच्या कामाची, इथली तिकडच्या. मग लाहोरच्या डॉक्टरनं तुझ्या समितीकडे अर्ज केला तर?

भाची : आज केला तर नाही म्हणतील. कारणही लिहिणार नाहीत.

मामा : आणि तुझं मत?

भाची : फाइल द्यायची नाही. पण फाइल न देताही काम होतं. ‘बीकन’ म्हणतात, गेल्या दहा-बारा वर्षांतली पद्धत आहे. फायली जागच्या जागी राहतात, फक्त प्रश्न प्रवास करतो: अमुक जागी अमुक बदल तुमच्याकडे कुणात आहे का? उत्तर हो किंवा नाही. त्यातही भोकं सापडलीत. पुष्कळ प्रश्न विचारून एखादा माणूस त्या साठ्यात आहे की नाही ते हुडकता येतं, मग प्रश्नांवर मर्यादा घालावी लागते. पण होतं.

मामा : हो-नाही एवढंच? आम्ही निदान दशांश चिन्हापर्यंत द्यायचो. तरी चालेल. मग लाहोरशी असं काही सुरू करायला काय हरकत आहे?

भाची : तिकडून विचारणा यायला हवी.

मामा : तिकडेही कुणी जेवणाच्या टेबलावर हेच म्हणत बसलं असेल.

भाची : असेल. म्हणूनच मधे तिसरा लागतो. तुमच्यात जिनिव्हाची हवामान संघटना होती. कुणी कुणाला विचारायचं हा मानापमानच नव्हता, सगळे तिच्या जाळ्यावर टाकायचे आणि त्याच जाळ्यावरून घ्यायचे. आमच्यात तसा तिसरा अजून नीट उभा नाही.

मामा : मग उभा करा की. वर्गणी काढा. आमच्यात प्रत्येक देश काढायचा, ऐपतीप्रमाणे.

भाची : आरोग्यातला सगळ्यात मोठा वर्गणीदार होता अमेरिका. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी जागतिक आरोग्य संघटना सोडत असल्याचं जाहीर केलं. आता सांग, पावतीपुस्तक घेऊन आधी कुणाच्या दारात जायचं?